दोन झेंड्यांचा गोल

माझं हे सगळं लिखाण आई तपासते. ऱ्हस्व-दीर्घ माझं कायमचं कच्चं. बाराव्या वर्षी नागपूर सुटलं आणि त्यानंतरचं मराठी मी घरातच, ओट्याशी उभी राहून शिकले. आधीची प्रकरणं तिने लाल पेनाने रंगवून परत दिली, वर समासात 'एवढं काही वाईट नव्हतं ते घर' असले शेरेही मारले. हे प्रकरण मात्र मी तिला दाखवलेलं नाही. यातली गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत घडली आणि तरीही तिला ती ठाऊक नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईने आईपासून कागद लपवावेत याची लाज वाटते, पण पुढे जे सांगायचं आहे त्याच्यापुढे ही लाज काहीच नाही.

अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीतलं आमचं घर म्हणजे सहा घरांच्या ओळीतलं चौथं. भिंती इतक्या पातळ की शेजारचा म्हातारा शिंकला तर आई इकडून 'शतायुषी' म्हणायची. घराचा मुख्य आवाज कुकरच्या शिट्टीचा नव्हे, धुराच्या अलार्मचा. आईने मोहरी तडतडवली की तो केकाटायचा, आणि मग बाबा असतील तिथून धावत येऊन त्याच्याखाली उभे राहायचे आणि खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी फडफडवायचे. हे दिवसातून दोनदा. गोळाभात असला की तीनदा, कारण वरून घालायची ती हिंग-मोहरीची फोडणी वेगळी. थंडीत खिडकी उघडायची सोय नव्हती, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल बाबांचे दंड चांगले भरलेले असायचे. मी टेबलाशी गृहपाठ करत बसलेली असायचे, आणि मैत्रिणीचा फोन आला असेल तर रिसीव्हरवर हात दाबून धरायचे. तिकडे काय चाललंय हे कोणाला कळू नये, एवढीच माझी त्या वयातली महत्त्वाकांक्षा.

बाबा सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, याचाच त्यांना पगार मिळायचा, आणि ही सवय ते संध्याकाळी ऑफिसात ठेवून येत नसत. नवा कुकर आला की आधी नुसतं पाणी घालून तीन शिट्ट्या. नवे बूट आले की मला घालायला लावून जिना चारदा वर-खाली. एकदा आईने गमतीत विचारलं, 'मला पाहायला आलात तेव्हा काय टेस्ट केलीत?' तर हे गंभीरपणे म्हणाले, 'वेळच मिळाला नाही ना. तुझे मामा घाई करून राहिले होते.' त्यांच्याकडे दोनच शेरे, पास आणि फेल. पास होईल, जवळजवळ पास, या खेपेला पास असलं काही त्यांच्या कोशात नव्हतं. आम्ही आधी पूर्व किनाऱ्याजवळच्या पार्सिपनीत राहायचो. तिथे साहेबाने सांगितलं, आत्ता पास लिही, पुढच्या महिन्यात दुरुस्त करू. बाबांनी लिहिलं नाही. काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही, व्हिसावर असल्यामुळे हातात मोजके दिवस होते, आणि जी पहिली नोकरी मिळाली ती इथे, मिनेसोटात. भर जानेवारीत, शाळेच्या मधोमध, आम्ही गाशा गुंडाळला. पार्सिपनीत मला कशीबशी एक मैत्रीण झाली होती. ती तिथेच राहिली. एका शब्दासाठी, असं मी तेव्हा म्हणायचे. चार अक्षरी सुद्धा नाही, एक साधा 'पास', आणि तो यांना लिहिता आला नाही. हा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो कॉलेजच्या पहिल्या उन्हाळ्यात. बागेत पळायला गेले होते. एका मोकळ्या मैदानावर दहा-बारा मुली लांबट बॉलने काहीतरी विचित्र खेळत होत्या. बॉल माझ्याकडे आला, मी उचलला आणि लाथ मारून परत पाठवला, तो सरळ गेला. केरी नावाची एक उन्हाने भाजलेली ऑस्ट्रेलियन बाई माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, 'गुरुवारी सहा वाजता ये.' बस्स. तोवर मला इतकं थेट कोणी कुठे बोलावलं नव्हतं. ती आमची कोच. खेळ थोडक्यात सांगते, कारण पुढे त्याची गरज आहे. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून कोणाचाही हात न लागता बॉल लाथेने गेला तर गोल, सहा गुण. बॉल बाजूच्या फटीतून गेला, खांबाला आपटला किंवा वाटेत कोणाचं बोट जरी लागलं, तर एकच गुण. मी मिडफिल्डर झाले. मैदानाच्या मध्यावर पंच बॉल जमिनीवर आपटतो, दोन उंच मुली उडी मारून तो टोलवतात, आणि खाली जो गोंधळ होतो त्यात घुसून बॉल उचलायचा आणि पुढे न्यायचा हे मिडफिल्डरचं काम. सामनाभर पळत राहायचं. उंची लागत नाही, नाजूकपणा चालत नाही, आणि लाथाबुक्क्यांची लाज नसावी लागते. या तिन्ही गोष्टी माझ्याकडे नव्हत्याच. तिथे मला सगळ्या 'ॲना' म्हणत. अनघा हे नाव घरात राहिलं, धुराच्या अलार्मबरोबर.

आईबाबा सामन्यांना यायला लागले ते मी बोलावलं म्हणून नव्हे. माझ्याकडे गाडी नव्हती. या खेळात मध्यंतराला खेळाडूंना संत्र्याच्या फोडी द्यायची पद्धत आहे, आणि ते खातं आईने पहिल्याच दिवशी काबीज केलं. नागपूरची बाई, तिच्यासमोर कोणी संत्र्याचं नाव काढायची सोय नाही. 'ही काय संत्री आहेत?' असं म्हणत ती दुकानातली जाळी उलटीपालटी करायची, आणि तरी शनिवारी पहाटे चाळीस फोडी बर्फात घालून तयार. सोबत सांबारवड्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिने निम्म्या मिनियापोलिसला शिकवलं. आणि बाबा? गोलपंच दोन्ही क्लबांनी एकेक आणायचा असा नियम होता, आणि ते काम कोणालाच नको असायचं, कारण खांबांच्या मागे एकटं उभं राहायचं, सामनाभर. केरीने कुंपणाला टेकलेल्या बाबांच्या हातात दोन पांढरे झेंडे दिले. एक गुण म्हणजे एक बोट आणि एक झेंडा. गोल म्हणजे दोन बोटं आणि दोन झेंडे. त्या सोमवारी बाबांनी ऑफिसात नियमांचं अख्खं पुस्तक प्रिंट केलं, स्पायरल लावलं आणि पिवळ्या मार्करने रंगवलं. गोलपंच पांढरा कोट घालतात असं त्यात वाचल्यावर आईने जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक डॉक्टरी कोट आणला, बाह्या कापल्या, आणि भाताच्या पेजेची खळ करून तो असा कडक केला की बाबा बसले तरी कोट उभाच.

मला त्याची लाज वाटायची, हे सांगून टाकते. माझ्या मैत्रिणींना बाबा आवडायचे. 'युअर डॅड इज द बेस्ट,' म्हणायच्या, कारण ते गोलाला दोन झेंडे असे जीव लावून फडफडवायचे की लांबून वाटावं मैदानाला आग लागली आहे. ते हात मी रोज घरी पाहत होते. त्या मैदानावर माझं घरातलं काही येऊ नये असं मला वाटायचं, आणि इथे माझे वडील खळ लावलेल्या कोटात, खांबांच्या मधोमध उभे. ते मराठीत हाक मारायचे, 'अनू, पाणी पी!' आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, तेही दिलं तर. मैदानावर मराठीत बोलायचं नाही, हा माझा नियम होता. तो मी तीन वर्षांत एकदाच मोडला, त्याचीच ही गोष्ट.

देशभरातल्या क्लबांची स्पर्धा होती आणि आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो होतो. त्या मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून तीन माणसं बसली होती. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या अमेरिकेच्या संघासाठी मुली निवडायला आली होती ती. केरीने मला सकाळी बाजूला घेऊन सांगितलं, 'मधल्या फळीत एकच जागा उरली आहे. तुझं आणि त्यांच्या बावीस नंबरचं नाव चाललंय.' बावीस नंबर म्हणजे समोरच्या संघातली माझ्याच जागेवर खेळणारी मुलगी. बुटकी, गोल चेहऱ्याची, कानाला पट्टी बांधलेली. सामनाभर आम्ही दोघी एकमेकींना चिकटून होतो. ती चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती, हे आता लिहायला काही जात नाही.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. मध्यावर बॉल खाली पडला आणि माझ्या हातात आला. मी पळाले. गोलपासून तीसेक पावलांवर असताना पायातली ताकद संपत आली आणि मी लाथ मारली. बॉल बरोबर मधल्या खांबांकडे निघाला. बावीस नंबर माझ्या मागून कधी सुटली आणि गोलरेषेपर्यंत कधी पोचली कोण जाणे, तिने पाठमोरी उडी मारली आणि हात वर ताणला. बॉल नीट फिरत होता तो तिच्या बोटांशी एकदम डगमगला. मग खांबांमधून आत गेला. मी ते पाहिलं. इतक्या वर्षांत मी स्वतःला निरनिराळं सांगून पाहिलं आहे, ऊन होतं, घाम डोळ्यांत होता, लांब होते. पण मी पाहिलं.

बाबा रेषेवर होते, हातभर अंतरावर. त्यांनी एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवर आपटून दाखवली, म्हणजे बॉल लागला, आणि एक बोट वर केलं. आमच्या मुली ओरडायला लागल्या. मैदानावरचा मुख्य पंच, तिसऱ्याच शहरातला एक तरुण मुलगा, धावत आला. नेमकं काय झालं हे त्याला लांबून दिसलंच नव्हतं. बावीस नंबर त्याला हात दाखवत होती, मधल्या बोटाचं नख उलटं झालं होतं आणि रक्त आलं होतं. 'आय गॉट इट! लुक!' पंच म्हणाला की नख कशानेही उलटू शकतं, आणि बाबांकडे वळला. 'आर यू शुअर, सर?'

तेवढ्यात मी तिथे पोचले. खुर्च्यांवरची ती तीन माणसं उभी राहिली होती. आणि मी, मैदानावर कधीही मराठी न बोलणारी मी, बाबांच्या कानाशी लागून मराठीत म्हणाले, 'बाबा, दोन झेंडे दाखवा. कोणाला काही कळत नाही. प्लीज. माझ्यासाठी एवढं करा.'

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात एक शब्द इंग्रजी बोललेला ज्यांना खपत नसे, ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाले, 'इट वॉज टच्ड. वन पॉइंट.'

मला पार्सिपनी आठवलं. खरंच आठवलं, त्या क्षणी. मला वाटलं, पुन्हा एकदा यांना एक शब्द उच्चारता येत नाही आणि पुन्हा माझंच सगळं जाणार. हे कारण म्हणून सांगत नाही, मी किती कोती होते ते कळावं म्हणून सांगते. मी पंचाकडे वळले आणि अगदी समजूतदार, दुखऱ्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, 'तो माझा बाप आहे. त्याच्या डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे. नीट दिसत नाही त्याला, पण तो कबूल करत नाही.'

बाबा माझ्याकडे बघत राहिले, रागाने नव्हे. काहीतरी नवीन कानावर आल्यावर माणूस बघतो तसे. पंच क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, 'गोल.' आणि इथे तो नियम आला, जो बाबांनी स्वतः पिवळ्या रंगाने रंगवला होता. मुख्य पंचाचा निर्णय अखेरचा, आणि तो जाहीर गोलपंचानेच करायचा. बाबांनी दोन्ही हात पुढे करून दोन बोटं दाखवली. मग वाकून झेंडे उचलले आणि दोन्ही फडकवले. नेहमीसारखे जीव लावून नव्हे, नियमात लिहिलंय तितकेच. लांब बर्फाच्या पेटीशी उभ्या आईने झेंडे पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. मला मुलींनी खांद्यावर उचललं, आणि तिथून मला दिसत होतं, बाबा कोट काढून त्याची घडी घालत होते. खळीमुळे ती नीट बसत नव्हती.

माझी निवड झाली. पुढची सात वर्षं मी खेळले. दोनदा अमेरिकेकडून ऑस्ट्रेलियाला जाऊन आले, एकदा मधल्या फळीतली सर्वोत्तम म्हणून कप मिळाला, दोन्ही गुडघे त्यापायी घालवले. लोकांना यातलं सगळं सांगायला मला आवडायचं. बाबा मात्र त्यानंतर एकाही सामन्याला आले नाहीत. आईला सांगितलं, 'पाय दुखतात उभं राहून.' ती अजून तेच समजते. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत, मी दौऱ्याहून आले की 'लागलं नाही ना कुठे?' विचारत. मी धरून चालले की ते मनात राग ठेवून आहेत, आणि त्या रागाने माझी सोयच झाली. रागावलेल्या माणसाची माफी उद्यावर ढकलता येते. अशी वीस-बावीस वर्षं मी ढकलली.

गेल्या वसंतात बाबांना खरोखरच मोतीबिंदू झाला. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला मी त्यांना घेऊन गेले, घराजवळच्याच नेहमीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. चुणचुणीत मुलगी होती तपासायला. तिने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि स्क्रीनवरचे जुने कागद चाळायला लागली. 'मिस्टर वझलवार, तुम्ही तर दर वर्षी येता की! एवढी काळजी घेणारा पेशंट मी पाहिला नाही.' मग हसून मला म्हणाली, 'क्रेडिट तुम्हाला दिसतंय.' मी विचारलं, का? तिने पहिल्या भेटीची नोंद वाचून दाखवली. पेशंटला स्वतःला काही त्रास जाणवत नाही. मुलीच्या मते नीट दिसत नाही. तपासणी संपूर्ण नॉर्मल. पेशंटने पुन्हा तपासण्याची विनंती केली. पुन्हा नॉर्मल.

तारीख तिने वाचली. त्या सामन्यानंतरचा मंगळवार होता.

ती मुलगी डॉक्टरांना बोलवायला बाहेर गेली. बाबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते, बाहुल्या मोठ्या झालेल्या, मी त्यांना धूसर दिसत असणार. मी विचारलं, 'बाबा, तुम्ही तेव्हा डोळे तपासून घेतलेत?'

'हो मग. तू म्हणालीस ना.'

'पण तुम्हाला तर दिसलं होतं.'

'मला दिसलं होतं,' ते म्हणाले. 'पण तू सगळ्यांसमोर सांगून राहिली होतीस. माझी पोरगी उगाच असं कशाला म्हणेल? म्हटलं, काहीतरी असेल, आपल्याला कळून नाही राहिलं. डॉक्टरला सापडेना. म्हणून मग झेंडे सोडले. शंका असताना माणसाने तिथे उभं राहू नये. पोरींचं नुकसान होतं.'

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाने वीस-बावीस वर्षं ती चूक स्वतःच्या डोळ्यांत शोधली होती. माझ्यात शोधायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मला राग हवा होता. मी त्याची तयारी करून बसले होते.

'बाबा,' मी म्हणाले, 'तुमचे डोळे चांगले होते. बॉल लागला होता तिच्या बोटाला. मी पाहिलं होतं. मी खोटं बोलले.'

शेजारच्या खोलीत कोणीतरी मोठमोठ्याने अक्षरं वाचत होतं. बाबांनी विचारलं, 'नक्की?' टेस्टरच्या आवाजात.

'नक्की.'

'म्हणजे एकच गुण.'

'हो. एकच.'

त्यांनी मान हलवली. मांडीवरचे हात सुटल्यासारखे झाले. मला वाटलं आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील आणि संपेल सगळं. इतक्या वर्षांनंतरही मी त्याचीच वाट बघत होते, स्वतःच्या सुटकेची.

'त्या पोरीला सांगितलंस?' त्यांनी विचारलं. 'नख तुटलं होतं तिचं. ती पण जाणार होती ना ऑस्ट्रेलियाला?'

'नाही सांगितलं.'

'मग मला काय सांगून राहिलीस?' बाबा म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टर आले. मी उठून भिंतीशी उभी राहिले आणि तिचं नाव आठवायचा प्रयत्न करत राहिले. बावीस नंबर आठवतो, कानाची पट्टी आठवते. नाव मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं.